चंद्राचा कौल

आपला सिद्धांत खरा की खोटा, हे ठरवण्यासाठी चंद्रावरचे दगडच आणा, असा आग्रह हॅरॉल्ड युरी यांनी धरला. दगड आले आणि त्यांनी युरी यांच्याच विरुद्ध साक्ष दिली. ती साक्ष मान्य करणाऱ्या या नोबेलविजेत्या रसायनशास्त्रज्ञाच्या जीवनकार्याचा हा परिचय.

जुलै १९६९ मध्ये अपोलो ११ मोहिमेतील अंतराळवीर चंद्रावर उतरले. ही घटना जगाच्या स्मरणात राहिली ती नील आर्मस्ट्राँग यांच्या पाऊलखुणेमुळे. विज्ञानाच्या दृष्टीने मात्र त्या मोहिमेची खरी कमाई ॲल्युमिनियमच्या दोन हवाबंद पेट्यांत होती. सुमारे साडेएकवीस किलो दगड आणि माती एवढाच तो ऐवज. परंतु पृथ्वीबाहेरच्या एखाद्या गोलावर जाऊन, जागा ठाऊक असलेला नमुना उचलून प्रयोगशाळेत आणण्याची ती मानवी इतिहासातील पहिलीच वेळ होती. त्या पेट्यांकडे डोळे लावून बसलेल्यांत ७६ वर्षांचे हॅरॉल्ड युरी होते. चंद्र हा सूर्यमालेच्या जन्मकाळापासून जवळजवळ न बदललेला, थंड गोल आहे, असे ते वीस वर्षे मांडत आले होते. चंद्राचा तुकडा हाती आला की या मताचा निकाल लागेल, असेही ते तितक्याच ठामपणे सांगत आले होते.

हॅरॉल्ड क्लेटन युरी यांचा जन्म २९ एप्रिल १८९३ रोजी अमेरिकेतील इंडियाना राज्यातील वॉकर्टन या लहानशा गावी झाला. वडील शिक्षक होते आणि ब्रेदरेन या ख्रिस्ती पंथाचे धर्मोपदेशकही होते. हॅरॉल्ड सहा वर्षांचे असतानाच त्यांचे पितृछत्र हरपले. शेतकरी कुटुंबातील या मुलाला उच्च शिक्षणाची वाट सरळ नव्हती. शालेय शिक्षण संपताच त्यांनी शिक्षकाचे प्रमाणपत्र मिळवले आणि इंडियानातील व नंतर मोंटानातील खेडोपाडीच्या शाळांत मुलांना शिकवले. मोंटाना विद्यापीठात त्यांनी प्रवेश घेतला तेव्हा ते एकवीस वर्षांचे होते. तेथे त्यांनी १९१७ मध्ये पदवी घेतली ती प्राणिशास्त्रात, रसायनशास्त्र हा त्यांचा दुय्यम विषय होता. पहिल्या महायुद्धामुळे रसायने जाणणाऱ्या तरुणांची गरज निर्माण झाली. फिलाडेल्फियातील एका रासायनिक कारखान्यात स्फोटकांच्या कामावर युरी रुजू झाले आणि तेथून त्यांच्या आयुष्याची दिशा रसायनशास्त्राकडे वळली.

बर्कले येथे गिल्बर्ट लुईस या थोर रसायनशास्त्रज्ञाच्या विभागात त्यांनी १९२३ मध्ये डॉक्टरेट मिळवली. त्यानंतरचे वर्ष कोपनहेगन येथे नील्स बोर यांच्या संस्थेत गेले. त्या काळी पुंजभौतिकी आकार घेत होती आणि कोपनहेगन हे तिचे माहेरघर होते. रसायनशास्त्रज्ञाला अणूच्या अंतरंगाची भाषा येत असणे ही तेव्हा दुर्मीळ गोष्ट होती. युरी ती भाषा घेऊन मायदेशी परतले. जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात काही वर्षे काढून १९२९ मध्ये ते न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले.

त्यांचे नाव जगभर झाले ते येथील संशोधनामुळे. एकाच मूलद्रव्याचे, रासायनिक गुणधर्म जवळपास सारखे परंतु वजन वेगवेगळे असणारे अणू म्हणजे समस्थानिक. हायड्रोजन या सर्वांत हलक्या मूलद्रव्याला जड भाऊ असावा, असा तर्क १९३१ मध्ये बर्ज आणि मेंझेल या दोन शास्त्रज्ञांनी अणुभाराच्या दोन मापनांतील तफावतीवरून मांडला होता. तो वाचताच युरी यांनी कामाला हात घातला. द्रवरूप हायड्रोजन सावकाश उडू दिला, तर हलके अणू आधी निघून जातील आणि तळाशी जड अणूंचे प्रमाण वाढेल, असे त्यांनी गणिताने दाखवले. वॉशिंग्टन येथे फर्डिनांड ब्रिकवेडे यांनी अतिशीत तापमानाला हे काम करून दिले. काही लिटर द्रवातून शिल्लक राहिलेल्या अल्पशा वायूचा वर्णपट युरी आणि त्यांचे सहकारी जॉर्ज मर्फी यांनी तपासला. नेमक्या अपेक्षित जागी एक क्षीण रेषा उमटली. जड हायड्रोजन, म्हणजेच ड्युटेरियम, सापडला होता. नोव्हेंबर १९३१ मधील थँक्सगिव्हिंगच्या दिवशी ही खात्री पटली आणि त्या सणाच्या जेवणाला युरी घरी उशिरा पोहोचले.

या शोधाची गंमत पुढे कळली. ज्या तफावतीवरून जड हायड्रोजनचा तर्क केला गेला होता, त्यातील एक मापनच सदोष होते. ते आधीच दुरुस्त झाले असते, तर शोध घेण्याचे कारणच उरले नसते. युरी यांनी ही बाब लपवली नाही, आपल्या छापील नोबेल व्याख्यानात तिची नोंद केली. तर्क कसाही असो, शेवटचा शब्द पदार्थाचा, हा धडा त्यांना येथेच मिळाला असे म्हणावे लागेल.

ड्युटेरियमच्या शोधासाठी १९३४ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक एकट्या युरी यांना देण्यात आले. डिसेंबरमधील स्टॉकहोमच्या समारंभाला ते गेले नाहीत. त्याच सुमारास त्यांच्या तिसऱ्या कन्येचा जन्म अपेक्षित होता आणि त्या वेळी घरी असणे त्यांना अधिक महत्त्वाचे वाटले. संशोधनासाठी मिळालेल्या निधीतील निम्मा वाटा त्यांनी इसिडोर राबी या तरुण भौतिकशास्त्रज्ञाला देऊन टाकला. राबी यांनाही पुढे नोबेल मिळाले. श्रेयाच्या बाबतीतला हा मोकळेपणा युरी यांच्या आयुष्यात वारंवार दिसतो.

दुसऱ्या महायुद्धाने या शांत संशोधनाला वेगळेच वळण दिले. समस्थानिक वेगळे करण्याच्या शास्त्रातील अग्रणी म्हणून अणुबाँबच्या मॅनहॅटन प्रकल्पात युरेनियम वेगळे करण्याच्या कोलंबियातील कामाची धुरा त्यांच्याकडे आली. हे काम त्यांना मानवले नाही. लष्करी शिस्त, गुप्तता आणि निर्मितीच्या हेतूचे ओझे यांनी ते त्रस्त झाले. मे १९४५ मध्ये लिओ झिलार्ड यांच्यासमवेत ते जेम्स बर्न्स या प्रभावी राजकारण्याला भेटायला गेले. अणुशक्तीच्या परिणामांचा राज्यकर्त्यांनी गांभीर्याने विचार करावा, हा या भेटीचा हेतू होता. भेट निष्फळ ठरली. युद्धानंतर अणुशक्तीवर लष्कराचा ताबा राहू नये यासाठी त्यांनी जाहीरपणे प्रचार केला. रोझेनबर्ग दांपत्याला हेरगिरीच्या आरोपावरून देहदंड झाला, तेव्हा पुराव्याविषयी शंका घेण्याचे धैर्यही त्यांनी दाखवले. त्या काळच्या अमेरिकेत ही गोष्ट सोपी नव्हती.

युद्ध संपल्यावर शिकागो विद्यापीठात आलेल्या युरी यांनी पन्नाशी ओलांडली होती. नोबेल मिळाले होते, कीर्ती होती. अशा वयात बहुतेक जण जुन्या पुण्याईवर राहतात. युरी यांनी मात्र नवे क्षेत्र निवडले. ऑक्सिजनचा हलका आणि जड समस्थानिक यांचे शिंपल्यातील प्रमाण पाण्याच्या तापमानानुसार किंचित बदलते, हे त्यांच्या लक्षात आले. म्हणजे कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या शिंपल्याच्या अवशेषावरून त्या काळच्या समुद्राचे तापमान मोजता येईल! त्यासाठी वस्तुमान वर्णपटमापक हे उपकरण आजवर कधी नव्हते इतके अचूक करावे लागले. युरी आणि सॅम्युएल एपस्टाइन आदी सहकाऱ्यांनी ते साध्य केले. दगडाच्या कणात त्याचा इतिहास लिहिलेला असतो आणि योग्य उपकरण असेल तर तो वाचता येतो, हे या कामाने सिद्ध झाले. चांद्रशिला वाचण्याची लिपी अशी चंद्रावर जाण्याच्या वीस वर्षे आधीच तयार होत होती.

चंद्राचे वेड युरी यांना लागले ते राल्फ बाल्डविन यांच्या १९४९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पुस्तकामुळे. चंद्रावरची विवरे ज्वालामुखींची नसून आदळलेल्या अशनींची आहेत, असे बाल्डविन यांनी त्यात साधार मांडले होते. हे खरे असेल तर चंद्राचा पृष्ठभाग म्हणजे सूर्यमालेच्या बालपणीची वहीच होय, हे युरी यांनी ओळखले. पृथ्वीवर वारा, पाणी आणि भूगर्भातील हालचाली यांनी त्या काळच्या खुणा पुसून टाकल्या आहेत. चंद्रावर पुसणारे कोणी नाही.

१९५२ मध्ये त्यांचा ग्रहांच्या उत्पत्तीवरील ग्रंथ प्रसिद्ध झाला आणि ग्रहविज्ञानात रसायनशास्त्राने अधिकृतपणे पाऊल ठेवले. तोवर ग्रह हा दुर्बिणीतून पाहण्याचा विषय होता. ग्रह कशाचे बनले, कोणत्या तापमानाला घनरूप झाले, त्यातील लोखंडाचे काय झाले, हे प्रश्न युरी यांनी पटलावर आणले. ग्रह आणि चंद्र थंड धूळ व दगड एकत्र येऊन बनले, असे त्यांचे प्रतिपादन होते. चंद्राची घनता पाण्याच्या ३.३ पट, तर पृथ्वीची साडेपाच पट. म्हणजे चंद्रात लोखंड कमी. सूर्यात लोखंडाचे प्रमाण त्या वेळच्या मापनांनुसार कमीच होते. तेव्हा चंद्र हा सूर्यमालेच्या मूळ द्रव्याचा, पृथ्वीने पुढे कधीतरी आपल्याकडे ओढून घेतलेला गोळा असावा, असे ते मानू लागले. चंद्राचा आकार पूर्ण गोलाकार नाही. आतून मऊ असता तर हा फुगवटा टिकला नसता, हाही त्यांचा एक मुद्दा होता.

या मताचे प्रमुख विरोधक होते जेरार्ड कायपर हे ख्यातनाम खगोलशास्त्रज्ञ. चंद्र एकेकाळी आतून वितळला होता आणि त्यावरचे काळसर ‘समुद्र’ हे आतून आलेल्या लाव्ह्याचे थर आहेत, असे कायपर यांचे मत. युरी यांच्या मते मोठमोठ्या आघातांच्या उष्णतेने वरवरचा भाग वितळला असेल, पण चंद्राच्या पोटात आग नव्हती. दोघांमधील हा वाद शास्त्रीय नियतकालिकांतून रंगला आणि त्याला व्यक्तिगत कटुतेची धारही आली.

वादाचा निकाल लावायचा तर नमुना हवा. त्या काळी हाती होते ते फक्त अशनी. अशनी म्हणजे आकाशाने फुकट पाठवलेली पार्सले, पण पाठवणाऱ्याचा पत्ता नसलेली. युरी आणि हार्मन क्रेग यांनी १९५३ मध्ये जगभरच्या अशनींच्या रासायनिक विश्लेषणांची छाननी केली. अविश्वसनीय वाटलेली विश्लेषणे त्यांनी निर्दयपणे बाजूला काढली. उरलेल्यांतून कॉन्ड्राइट प्रकारच्या अशनींचे अधिक लोहाचा आणि कमी लोहाचा असे दोन गट स्पष्ट झाले. हे वर्गीकरण पुढे अशनीशास्त्राचा पाया ठरले.

त्याच वर्षी युरी यांच्या प्रयोगशाळेत स्टॅन्ली मिलर या विद्यार्थ्याने एक प्रयोग केला. मिथेन, अमोनिया, हायड्रोजन आणि पाण्याची वाफ या मिश्रणात विजेच्या ठिणग्या पाडल्या तेव्हा सजीवांना आवश्यक अशी ॲमिनो आम्ले तयार झाली. सृष्टीच्या आरंभी पृथ्वीचे वातावरण असे असावे ही कल्पना युरी यांची होती. तरीही शोधनिबंधावर त्यांनी आपले नाव घातले नाही. नोबेलविजेत्याचे नाव असेल, तर विद्यार्थ्याच्या वाट्याला श्रेय उरणार नाही, हे त्यांना ठाऊक होते.

१९५८ मध्ये युरी कॅलिफोर्नियातील ला होया येथे, नव्याने उभ्या राहणाऱ्या विद्यापीठात गेले. त्याच वर्षी अमेरिकेची अंतराळसंस्था ‘नासा’ स्थापन झाली. तिच्या सैद्धांतिक विभागाचे तरुण प्रमुख रॉबर्ट जॅस्ट्रो वर्षअखेरीस युरी यांना भेटायला आले. युरी यांनी आपला ग्रंथ त्यांच्यापुढे ठेवला आणि त्यातील चंद्रावरचे प्रकरण वाचायला लावले. जॅस्ट्रो भारावले. १९५९ च्या आरंभी ते युरी यांना घेऊन नासाच्या मुख्यालयात गेले. चंद्र हे पृथ्वीवर हरवलेल्या इतिहासाचे दप्तर आहे आणि ते उघडण्यासाठी तेथे जायला हवे, हा युक्तिवाद अधिकाऱ्यांना पटला. चंद्राच्या शास्त्रीय अभ्यासाचा गट स्थापन झाला आणि त्यातून ‘रेंजर’ यानांची मोहीम आकाराला आली. चांद्रमोहिमेमागे सोव्हिएत संघाशी असलेली राजकीय चुरस होती, हे जगजाहीर आहे. मात्र चंद्रावर जाऊन करायचे काय, या प्रश्नाचे शास्त्रीय उत्तर देणाऱ्यांत युरी अग्रभागी होते.

पहिली सहा रेंजर याने अपयशी ठरली. ३१ जुलै १९६४ रोजी रेंजर ७ यानाने चंद्रावर आदळण्यापूर्वी चार हजारांहून अधिक छायाचित्रे पाठवली. त्यांचा अर्थ लावणाऱ्या शास्त्रज्ञांच्या गटात युरी आणि कायपर हे दोघेही होते. छायाचित्रे तीच, पण दोघांना त्यांत आपापल्या मताची पुष्टी दिसली. दुरून काढलेले चित्र कितीही स्पष्ट असले तरी ते खडकाच्या पोटातले सांगत नाही, हे यातून पुरते स्पष्ट झाले.

पहिला धक्का सप्टेंबर १९६७ मध्ये बसला. सर्व्हेयर ५ हे यान चंद्राच्या ‘शांतिसागर’ या भागात अलगद उतरले. त्यावर शिकागोचे ॲन्थनी टर्केविच यांनी तयार केलेली एक छोटी पेटी होती. किरणोत्सारी पदार्थातून निघणारे अल्फा कण मातीवर सोडायचे आणि परत उसळलेल्या कणांच्या ऊर्जेवरून मातीत कोणती मूलद्रव्ये आहेत ते ओळखायचे, अशी तिची रीत. परग्रहाच्या वा उपग्रहाच्या जमिनीवर बसून केलेले ते पहिले रासायनिक विश्लेषण. उत्तर आले बेसाल्टसारखे. बेसाल्ट म्हणजे लाव्हा थिजून बनणारा काळा पाषाण. सह्याद्रीचे कडे आणि महाराष्ट्रातील लेणी ज्यात कोरली गेली तोच जातीचा खडक. मूळ, न वितळलेल्या द्रव्यात तो असायला नको होता.

तरीही युरी यांनी हार मानली नाही, आणि त्याला कारणही होते. १९६८ मध्ये चंद्राच्या काही ‘समुद्रां’खाली जड द्रव्याचे साठे असल्याचे यानांच्या कक्षांतील फेरफारांवरून उघड झाले. एवढे वजन न खचता पेलणारा चंद्र थंड आणि कठीणच असला पाहिजे, असे युरी यांनी प्रतिपादले. पारडे पुन्हा वर-खाली होऊ लागले. आता निकाल एकच गोष्ट देऊ शकत होती.

२६ जुलै १९६९ रोजी ह्यूस्टन येथील खास प्रयोगशाळेत अपोलो ११ ची पहिली पेटी उघडण्यात आली. दगड काळ्या भुकटीने इतके माखले होते की पाहून काही कळेना. चंद्रावर रोगजंतू असतील या शंकेमुळे अंतराळवीरांप्रमाणेच दगडही विलगीकरणात ठेवले गेले होते. उंदीर, लावे, झुरळे अशा प्राण्यांवर चांद्रमातीचा परिणाम तपासण्यात आला. तो निरुपद्रवी ठरल्यावर सप्टेंबरपासून वेगवेगळ्या देशांतील शास्त्रज्ञांना नमुने वाटण्यात आले. परिषद भरेपर्यंत निष्कर्ष जाहीर न करण्याचे बंधन सर्वांवर होते. ला होया येथे युरी यांनी कुर्ट मार्टी आणि गुंटर लुगमेयर या सहकाऱ्यांसमवेत नमुन्यांत अडकलेले सौरवाऱ्याचे वायू आणि वैश्विक किरणांच्या माऱ्याचा इतिहास तपासला.

जानेवारी १९७० मध्ये ह्यूस्टन येथे पहिली चांद्रविज्ञान परिषद भरली. एकामागून एक गट उभे राहिले आणि चित्र स्पष्ट होत गेले. शांतिसागरातले खडक हे टायटॅनियमचे प्रमाण बरेच असलेले बेसाल्ट होते. म्हणजे लाव्हाच. त्यांत पाण्याचा मागमूस नव्हता आणि सहज उडून जाणारी मूलद्रव्ये फार कमी होती. मूळ सौरद्रव्याशी हे जुळत नव्हते. कॅलिफोर्निया तंत्रज्ञान संस्थेतील गेराल्ड वासरबर्ग यांच्या गटाने खडकांचे वय सुमारे ३६५ कोटी वर्षे काढले. सूर्यमाला जन्मल्यानंतर कित्येक कोटी वर्षांनी चंद्रावर लाव्हा वाहत होता, असा याचा अर्थ. वासरबर्ग हे युरी यांच्याच मार्गदर्शनाखाली शिकागोत डॉक्टरेट मिळवलेले शिष्य होते.

त्याहून दूरगामी निष्कर्ष निघाला तो मूठभर पांढऱ्या कणांतून. स्मिथसोनियन संस्थेतील जॉन वुड यांना काळ्या मातीत अॅनॉर्थोसाइट या फिकट, हलक्या खडकाचे बारीक तुकडे आढळले. हे तुकडे आघातांनी दूरच्या डोंगराळ भागातून उडून आले असावेत, असे त्यांनी ओळखले. संपूर्ण चंद्र अशा खडकाने मढला असेल तर त्याचे स्पष्टीकरण एकच होते. जन्मानंतर चंद्राचा बाहेरचा भाग शेकडो किलोमीटर खोल वितळला होता. दुधावर साय यावी तशी हलकी खनिजे त्या शिलारसाच्या समुद्रावर तरंगून वर आली आणि त्यांचे कवच बनले. थंड चंद्राच्या कल्पनेला यात जागाच उरली नाही. सूर्यातील लोखंडाचे जुने मापन चुकीचे असल्याचेही त्याच सुमारास सिद्ध झाले होते. युरी यांच्या युक्तिवादाचा तो खांबही कोसळला.

येथे युरी यांची खरी परीक्षा होती. वीस वर्षांचे काम, एक गाजलेला ग्रंथ, कायपर यांच्याशी झालेला कडवा वाद हे सारे पणाला लागले होते. नमुने थोडे आहेत, जागा एकच आहे, असे म्हणत आणखी काही वर्षे काढणे त्यांना अवघड नव्हते. जगातील कोणीही त्यांना त्याबद्दल फारसा दोष दिला नसता. पण चंद्र एकेकाळी वितळला होता, हे युरी यांनी स्वीकारले. अपोलोच्या पुढल्या मोहिमांचे नमुने ते उत्सुकतेने अभ्यासत राहिले आणि नव्या पुराव्याशी जुळेल असे चंद्राच्या जन्माचे उत्तर सत्तरी उलटल्यावरही शोधत राहिले. कौल मागायचा तर तो विरुद्ध जाण्याची तयारी ठेवूनच मागायचा असतो, हे त्यांनी आचरणाने दाखवून दिले.

१९७२ पर्यंत सहा अपोलो मोहिमांनी एकूण ३८२ किलो नमुने आणले. सोव्हिएत संघाच्या लुना १६ या मानवविरहित यानाने सप्टेंबर १९७० मध्ये १०१ ग्रॅम माती आणली होती. या नमुन्यांच्या अभ्यासात भारताचाही वाटा होता. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत देवेंद्र लाल यांच्या गटाने चांद्रमातीच्या कणांत वैश्विक किरणांनी कोरलेल्या सूक्ष्म खुणा तपासल्या. चंद्राची माती किती काळात कशी वर-खाली मिसळली जाते, हे त्यावरून समजू लागले. चंद्राप्रमाणेच बेसाल्टमध्ये आघाताने बनलेले विवर पृथ्वीवर कोठे आहे, या शोधात शास्त्रज्ञांचे लक्ष बुलढाणा जिल्ह्यातील लोणारकडे गेले. भारतीय आणि अमेरिकी संशोधकांनी १९७३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निबंधाने लोणार हे आघातविवर असल्याचे निश्चित झाले.

युरी यांचा सिद्धांत गेला, पण त्यांनी घडवलेली लिपी टिकली. ऑक्सिजनच्या समस्थानिकांचे जे प्रमाण त्यांनी शिंपल्यांतून तापमान वाचण्यासाठी वापरले, तेच पुढे खगोलांची कुंडली ठरले. शिकागोतील त्यांची प्रयोगशाळा पुढे चालवणारे रॉबर्ट क्लेटन आणि मूळच्या युरी यांच्याच सहायक तोशिको मायेदा यांनी दाखवून दिले की, अशनींच्या निरनिराळ्या कुळांत हे प्रमाण वेगवेगळे असते. पृथ्वी आणि चंद्र यांचे मात्र तंतोतंत जुळते. बाहेरून आलेल्या पाहुण्याचे रक्त यजमानाशी असे जुळत नाही. पृथ्वीने चंद्राला बाहेरून ओढून घेतले, ही कल्पना त्यामुळे मागे पडली. मंगळाएवढा एखादा गोल कोवळ्या पृथ्वीवर आदळला आणि उडालेल्या द्रव्यातून चंद्र बनला, ही १९७० च्या दशकाच्या मध्यास पुढे आलेली उपपत्ती आज बहुतांशी मान्य आहे.

५ जानेवारी १९८१ रोजी ला होया येथे वयाच्या ८७ व्या वर्षी युरी यांचे निधन झाले. चंद्रावरील एका विवराला त्यांचे नाव आहे. तरुण ग्रहवैज्ञानिकांसाठी त्यांच्या नावाचे पारितोषिकही दिले जाते.

त्यांनी विचारलेले प्रश्न अजून संपलेले नाहीत. चीनच्या चांग-ई ५ यानाने डिसेंबर २०२० मध्ये १,७३१ ग्रॅम नमुने आणले. त्यातील बेसाल्ट अवघे २०० कोटी वर्षे वयाचे निघाले. थंड म्हणून गणला गेलेला चंद्र इतक्या उशिरापर्यंत धुमसत होता! चांग-ई ६ ने जून २०२४ मध्ये चंद्राच्या पाठीमागच्या बाजूची सुमारे १,९३५ ग्रॅम माती प्रथमच पृथ्वीवर आणली. बेन्नू या लघुग्रहावरून सप्टेंबर २०२३ मध्ये आलेल्या सुमारे १२१ ग्रॅम नमुन्यात सजीवांना लागणाऱ्या वीसपैकी चौदा ॲमिनो आम्लांचा छडा लागल्याचे जानेवारी २०२५ मध्ये जाहीर झाले. मिलर यांच्या काचेच्या फुग्यात १९५३ साली जे घडले, त्याच्या जातकुळीतले रसायनशास्त्र अवकाशातही घडत होते, याचीच ही पावती.

ऑगस्ट २०२३ मध्ये भारताचे चांद्रयान ३ चंद्राच्या दक्षिण ध्रुवाकडील प्रदेशात उतरले. ‘प्रज्ञान’ या फिरत्या वाहनावरील उपकरणाने तेथील मातीची तपासणी केली. अहमदाबादच्या भौतिकीय संशोधन प्रयोगशाळेतील शास्त्रज्ञांनी २०२४ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केला. ती माती मुख्यत्वे अॅनॉर्थोसाइटसारखी होती. जॉन वुड यांना अपोलोच्या मातीत मिळालेल्या पांढऱ्या कणांचीच ही साक्ष, आता कोणताही नमुना न आलेल्या मुलखातून. चंद्रावरून नमुने आणण्यासाठी आखलेल्या चांद्रयान ४ मोहिमेला सप्टेंबर २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने मंजुरी दिली. ते नमुने येतील तेव्हा आज खात्रीच्या वाटणाऱ्या काही उपपत्ती कदाचित त्यांच्यासमोर टिकणार नाहीत. नमुने आणण्याचे प्रयोजनच ते आहे. हे प्रयोजन युरी यांच्याइतकी मोठी किंमत मोजून फार थोड्या शास्त्रज्ञांनी मान्य केले आहे.